ट्रंकेवरची चार बोटं

दिवाळीला भाची जव्हारला आली होती. मुंबईत फॉरेन्सिक शिकते. कुणी कशाला हात लावला की "मामा, तुझ्या पेशी राहिल्या तिथे" म्हणायची तिला नवी सवय लागली आहे. माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली उतरवली तेव्हाही तेच म्हणाली. मग मी तिला त्या ट्रंकेची गोष्ट सांगितली. आधी कुणालाच सांगितली नव्हती.

१९८४ साल. मी सातवीत, वडील मोखाड्याजवळच्या एका गावात मास्तर. घर कारवीच्या कुडाचं. पाऊस सरला की कूड लिंपायला एक गडी यायचा. मी त्याला काका म्हणायचो. त्या वर्षी तो लिंपून गेला आणि आठवड्याभरात आईची चांदीची सरी ट्रंकेत दिसेना. झाकणावर वाळलेल्या शेणमातीची चार बोटं उमटलेली होती. तेवढं पुरे झालं. त्याला अंगणात उभं केलं, माणसं जमली. तो एकच म्हणत राहिला, "मास्तर, तुम्हीच पेटी सरकवायला सांगितली." वडिलांना खरंच आठवत नव्हतं की आठवायचं नव्हतं, कोण जाणे. मला आठवत होतं. ट्रंकेची दुसरी कडी मीच धरली होती. मी बोललो नाही.

तो बायकापोरांसह भिवंडीकडे वीटभट्टीवर गेला. सरी होळीला सापडली, आईच्या माहेरी. तीच तिथे विसरली होती. त्याला सांगायला कुणी गेलं नाही.

भाची म्हणाली, "आता असतं ना, तर झाकणावरून स्वॅब फिरवला असता." एका पेशीत डीएनए जेमतेम ६ पिकोग्रॅम, कातडीच्या वरच्या थरातल्या पेशी तर मेलेल्या, त्यांतलं केंद्रकही गेलेलं. तरी घामासोबत जे थोडं उरतं, त्याच्या प्रती काढून काढून माणूस गाठता येतो. नुसत्या हात लावलेल्या वस्तूवरून हे जमतं, असं दोन ऑस्ट्रेलियन संशोधकांनी १९९७ मध्ये दाखवलं. आपल्याकडे असे नमुने कलिन्याच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत जातात, वगैरे ती सांगत होती.

"मग झाकणावर कोण सापडलं असतं?" मी विचारलं.

ती थांबली. "तोच. आणि तू, आजोबा, आजी."

कुणी हात लावला ते कळतं. कधी लावला, कशासाठी, ते नाही. शिवाय हात न लावताही माणूस पोचतो. हे तिनेच सांगितलं. २००७ मध्ये जर्मनीत हाइलब्रोनला एका महिला पोलिसाचा खून झाला. गाडीवर एका अनोळखी बाईचा डीएनए मिळाला. तोच जर्मनी, ऑस्ट्रिया, फ्रान्समधल्या चाळीसेक गुन्ह्यांच्या जागी. पोलीस त्या बाईला शोधत राहिले. २००९ मध्ये उलगडा झाला: नमुने घ्यायच्या कापसाच्या काड्याच तिच्या हातून गेल्या होत्या. कारखान्यात पॅकिंग करणारी बाई. काड्या निर्जंतुक केलेल्या होत्या, पण जंतू मेले म्हणून डीएनए जात नाही. मला त्या गुन्ह्यांपेक्षा ती बाईच जास्त आठवते. दिवसभर काड्या भरायच्या, नि तिकडे आपल्या नावाने, म्हणजे बिननावाने, एवढा शोध चाललेला.

गेल्या पावसाळ्यात मोखाड्याला गेलो होतो. रेशनच्या दुकानापाशी एक म्हातारा मशीनवर अंगठा टेकवत होता. थम लागेना. हात धुऊन आला, धोतराला पुसला, पुन्हा टेकवला. भट्टीवर विटा वाहून वाहून बोटांवरच्या रेषाच गेल्या होत्या. दुकानदार म्हणाला, "बाबा, उद्या या."

वळताना त्याने मला पाहिलं. "मास्तरांचा ना तू?"

"हो काका," म्हटलं. पिशवी घडी करत तो पाड्याच्या वाटेला लागला.

भाचीने विचारलं, "मग सांगितलंस त्याला?"

मी ट्रंक उचलायला एका बाजूची कडी धरली. दुसरी तिने धरली.