बोअर मोठा करावा काय?

एकाच शब्दाला ठिकठिकाणी निरनिराळे अर्थ चिकटावेत, ही भाषेची जुनी रीत आहे. ‘बोअर’ हा शब्द महाविद्यालयात कानावर आला, तर आमच्यासारख्या अध्यापकाने आपले व्याख्यान आटोपते घ्यावे हे उत्तम. घनसावंगीच्या शिवारात तोच शब्द निघाला, की माणसे एकदम गंभीर होतात. कारण तेथे बोअर म्हणजे कूपनलिका, आणि तिला पाणी लागते की नाही यावर मोसंबीची बाग, मुलाची फी आणि मुलीचे लग्न अवलंबून असते. मोटारसायकली दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीच्या दुकानात या शब्दाला तिसराच अर्थ आहे. तेथे बोअर म्हणजे इंजिनाच्या सिलिंडरचा आतला व्यास. आणि तो मोठा करून घ्यावा काय, हा तेथील तरुण गिऱ्हाइकांचा आवडता प्रश्न होय.

हा प्रश्न मुख्यतः यामाहा आरएक्स १०० या गाडीपुढे येतो. १९८५ ते १९९६ या काळात निघालेली ही टू-स्ट्रोक गाडी आजही खेडोपाडी जिवापाड जपली जाते. तिच्या सिलिंडरचा व्यास ५० मिलिमीटर, दट्ट्याची म्हणजे पिस्टनची धावही तितकीच. मिळून ९८ घनसेंटिमीटर. एवढ्याशा पोटातून ती सुमारे ११ अश्वशक्ती काढते. तरीही तरुणांचे समाधान होत नाही. बळाची हौस या तालुक्याला नवी नाही. १६०८ साली समर्थ रामदास जन्मले ते जांब याच तालुक्यात आहे. ज्यांनी गावोगाव मारुती उभे केले त्यांच्या जन्मभूमीत एखाद्या पोराला आपल्या गाडीत अधिक बळ असावे असे वाटले, तर त्याला हसण्याचे कारण नाही.

शिवाय गणितही त्याच्याच बाजूचे दिसते. याच घराण्यातील आरएक्स १३५ चा व्यास ५८ मिलिमीटर आहे, धाव मात्र तीच. व्यासात सोळा टक्क्यांची भर पडली, तर पोट जवळजवळ पस्तीस टक्क्यांनी वाढून १३२ घनसेंटिमीटर होते. कारण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढते. हा मोह केवळ आमच्याकडचा नव्हे. अमेरिकेत वाळूच्या टेकड्यांवर चार फुगीर चाकांच्या शर्यतीच्या गाड्या धावतात. त्यांना क्वाड म्हणतात. १९८७ पासून २००६ पर्यंत तेथे विकल्या गेलेल्या यामाहाच्या बॅन्शी या क्वाडला दोन सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ६४ आणि धाव ५४ मिलिमीटर. आमच्याकडे १९८३ साली आलेल्या राजदूत ३५० ची मापे हीच. एक पाण्याने थंड होणारी, दुसरी वाऱ्याने, पण कूळ एक. बॅन्शीचा व्यास ६८ केला की ३४७ चे ३९२ घनसेंटिमीटर होतात. धावही चार मिलिमीटरने वाढविली की ४२१. मूळ कारखान्याने हात आखडता घेतला तरी असे मोठे सिलिंडर ओतून विकणारे दुसरे कारागीर तिकडे आहेत.

परंतु सिलिंडर म्हणजे नुसते भांडे नव्हे. फोर-स्ट्रोक इंजिनात हवा आत घेण्याची आणि धूर सोडण्याची दारे वरच्या डोक्यात असतात. टू-स्ट्रोकमध्ये ती सिलिंडरच्या भिंतीतच कोरलेली असतात आणि वरखाली होणारा दट्ट्याच ती उघडतो व मिटतो. म्हणून येथे भिंत बदलली की इंजिनाचा श्वासच बदलतो. दारांच्या कडा नीट घासून मऊ केल्या नाहीत, तर रिंग त्यांत अडकून तुटते. कार्ब्युरेटर जुनाच ठेवून पेट्रोल कमी पडू दिले, तर दट्ट्याच्या माथ्याला भोक पडते. त्यातही उष्णतेचा हिशेब सर्वांत निष्ठुर आहे. माथ्याचे क्षेत्रफळ पस्तीस टक्क्यांनी वाढते, पण त्याची धग भिंतीकडे नेणारा परीघ सोळाच टक्क्यांनी वाढतो. मग भर रस्त्यात दट्ट्या फुगून भिंतीला चिकटतो, आणि मागचे चाक जागीच अडते.

मोठ्या पोटावाचून बळ येत नाही, असेही नाही. पूर्व जर्मनीतील एमझेड कारखान्यात वॉल्टर काडेन नावाचा अभियंता होता. शर्यतीच्या नियमाने त्याला १२५ घनसेंटिमीटरची मर्यादा होती. त्याने धुराच्या नळीचा आकार असा बेतला, की तिच्यातून परतणारी दाबाची लाट निसटू पाहणारे ताजे मिश्रण पुन्हा सिलिंडरात लोटी. १९६१ च्या सुमारास त्या चिमुकल्या इंजिनाने २५ अश्वशक्ती दिली. त्याच वर्षी त्याचा स्वार अर्न्स्ट डेगनर देश सोडून गेला, सुझुकीला मिळाला, आणि १९६२ साली ५० घनसेंटिमीटरच्या वर्गात जगज्जेता झाला. बरोबर गेले ते ज्ञान. आणि ते ज्ञान पोट वाढविण्याचे नव्हते, श्वास राखण्याचे होते.

येथे शिवारातला बोअर आठवल्यावाचून राहत नाही. कूपनलिकेचा व्यास दुप्पट केला म्हणून पाणी दुप्पट होत नाही, किंचितच वाढते. काळ्या पाषाणाच्या भेगांतून जेवढे झिरपते तेवढेच ती देणार. इंजिनात वर्गाचा नियम आणि जमिनीत हा कंजूषपणा, असा फरक असला तरी दोहोंचे मर्म एकच दिसते: भोक मोठे करणे आपल्या हाती असते, ते भरणे नसते.

आमच्या परिचयाच्या एका तरुणाला याचा निर्णय करावा लागला. वडिलांची आरएक्स त्याच्याकडे आलेली. रोज पहाटे तिच्यावर दुधाच्या दोन कॅन जात आणि घराचा रोजचा खर्च त्यावर चाले. झिजलेला सिलिंडर पाव मिलिमीटरने घासून किंचित मोठा दट्ट्या बसवितात, तोही बोअरच. मिस्त्री त्याला पहिला, दुसरा, तिसरा, चौथा असे मोजतो. हा बोअर हौसेचा नव्हे, औषधाचा. या गाडीचे चारही होऊन गेले होते. मुलाचे मन १३५ च्या सिलिंडरकडे ओढ घेत होते. पण १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वये नोंदणीतील तपशिलाशी विसंगत असा फेरफार मालकास करता येत नाही, आणि इंजिनाचे घनसेंटिमीटर नोंदणीत लिहिलेले असतात. अपघात घडला तर विम्याच्या वेळीही हा फेरफार आडवा येऊ शकतो. दूध पोहोचले नाही तर काय, हा प्रश्न तर कायद्याहूनही जवळचा.

मिस्त्रीने तिसरा मार्ग सुचविला: झिजलेली लोखंडी नळी काढून नवा स्लीव्ह ठोकावा आणि पुन्हा मूळचा ५० मिलिमीटरचा दट्ट्या घालावा. मुलाने तेच केले. गाडी पूर्वीइतकीच धावते, अधिक नाही. पण तिचे चारही बोअर तिला परत मिळाले, आणि वडिलांच्या गाडीचे आयुष्य पुन्हा पहिल्यापासून मोजता येऊ लागले. यंत्राचे हे सुख आहे. शिवारातल्या बोअरसाठी असा नवा स्लीव्ह ठोकणारा मिस्त्री मात्र आम्ही अद्याप पाहिलेला नाही.