कधी हवंय?

आमच्या ऑफिसात कामाचा फॉर्म येऊ नये म्हणून मी जेवढा जोर लावला, तेवढा पगारवाढीसाठीही कधी लावला नसेल. सुरतच्या रिंगरोडवरच्या कापड मार्केटात मी साड्यांच्या कॅटलॉगचं काम बघतो. हाताखाली दोन-चार डिझायनर, फोटो साफ करणारी पोरं आणि छापखान्याच्या चकरा मारणारा एक मुलगा. मार्केटिंगवाले काम सांगतात, आम्ही करून देतो. माझं म्हणणं साधं होतं. या बाजारात लाखांचा माल तोंडच्या शब्दावर उधार जातो, मग शेजारच्या टेबलावरच्या माणसाने माझ्याकडे फॉर्म भरून काम मागायचं म्हणजे तलाठ्याकडे सातबाऱ्यासाठी अर्ज केल्यासारखं झालं. आणि फॉर्म आणायचाच असेल तर त्यात एक प्रश्न पुरे: कधी हवंय?

काही वर्षं आमच्याकडे तेवढाच प्रश्न होता. एक चौकट, एक तारीख. त्या चौकटीत काय काय लिहून यायचं! ‘अर्जंट’, ‘शेठनी सांगितलंय’, आणि एका बहाद्दराने चक्क ‘काल’ असंही लिहिलं होतं. मला त्याची गंमत वाटायची. खरी तारीख मी फोन करून काढून घ्यायचो आणि डोक्यात ठेवायचो.

मग मार्केटिंगला एक मुलगी आली. मूळची शहाद्याची, वाढलेली लिंबायतमध्ये, शिक्षण महापालिकेच्या मराठी शाळेत. सुरत महापालिका अजून मराठी माध्यमाच्या शाळा चालवते हे पुण्या-मुंबईकडच्या लोकांना सांगितलं की ते चकित होतात, म्हणून सांगून ठेवतो. तिने नवा फॉर्म केला आणि माझ्या एका चौकटीच्या पाच केल्या. नमुन्याची साडी हातात कधी येणार, आडत्याला व्हॉट्सॲपवर फोटो कधी हवेत, छापील फोल्डर कधी, बॉक्सवरचं लेबल कधी आणि माल कधी निघणार. मी बघितला आणि म्हणालो, ‘‘बाई, इथं साड्या विकायच्यात, जनगणना नाही करायची.’’ ती म्हणाली, ‘‘भाऊ, एकदा ओणमचं काम यावर भरून बघू. नाही जमलं तर फाडून टाका.’’

ओणमसाठी केरळात क्रीम अंगाच्या, सोनेरी काठाच्या साड्या जातात. त्यातला स्वस्त माल सुरतेतही बनतो. आजवर मार्केटिंगवाला या सगळ्या कामावर एकच तारीख टाकायचा, आणि साहजिकच सगळ्यांत आधीची टाकायचा. आम्ही फोटो, फोल्डर, लेबल सगळं त्याच दिवशी काढायला धावायचो. नव्या फॉर्ममध्ये पाच चौकटी भरल्या तेव्हा मला पहिल्यांदा कागदावर दिसलं की या तीन गोष्टी तीन वेगवेगळ्या खबरींवर अडलेल्या असतात. फोटोला नमुन्याची एक साडी पुरते, ती आज आली तर संध्याकाळी मॉडेलवर चढते. फोल्डर छापायला मात्र रंग पक्के लागतात, आणि मिलमधून लॉट येईपर्यंत कुठला रंग गळेल याचा भरवसा नसतो. मोरपिशी ठरवावा आणि मिलने शेवाळी पाठवावा, हे नित्याचं. लेबलावर तर किंमत येते, आणि किंमत लेस, स्टोन, फोल्डिंगचा खर्च बसल्याशिवाय ठरत नाही. म्हणजे ज्या दिवशी फोटो हवेत त्या दिवशी लेबल छापणं ही निव्वळ रद्दीची तयारी. आमच्या गोदामात जुन्या लेबलांचे गठ्ठे पडलेले असतात ते का, याचं उत्तर त्या चौकटींत होतं.

तरीही माझं मत लगेच फिरलं नाही. ‘हे मला माहीतच होतं’ असं मनाशी म्हणत मी काही दिवस काढले. मत फिरवलं ते पंचांगाने.

मी तारखा डोक्यातून सांगायचो, म्हणजे खरं तर गेल्या वर्षाच्या सांगायचो. ओणम झाला की इतक्या दिवसांनी दिवाळीचं काम, असा ठोकताळा. तिने दोन वर्षं शेजारी शेजारी मांडली. २०२२ मध्ये तिरुओणम ८ सप्टेंबरला आणि लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला, मध्ये ४६ दिवस. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला, दिवाळी पुढे सरकून १२ नोव्हेंबरला गेली. ओणम सौर महिन्यावर चालतो, त्याला अधिकाशी देणंघेणं नाही, तो उलट अलीकडे येऊन २९ ऑगस्टला पडला. मध्ये ७५ दिवस! ४६ च्या हिशोबाने चालणारा माणूस ७५ च्या वर्षी महिनाभर आधीच सगळ्यांना पळवतो, आणि उलट झालं तर महिनाभर झोपून राहतो. ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते, पोंगल जागचा हलत नाही, दुर्गापूजा आणि दिवाळी मागेपुढे होतात. आमचा माल या सगळ्यांकडे जातो, आणि मी त्या सगळ्यांवर एक तारीख मारत होतो.

पण मला गप्प केलं ते फॉर्मच्या तळाशी लहान अक्षरात छापलेल्या एका ओळीने: ‘मध्ये आखाजी येते का?’

खान्देशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आणि आमच्याकडे तो लेकीबाळींनी माहेरी जायचा सण. सुरतेत साडीवर स्टोन चिकटवणं, लेस लावणं, धागे कापणं हे काम घरोघरी बायका करतात, नगावर पैसे घेऊन. डिंडोली, लिंबायत, उधना या भागात त्यांतल्या कितीतरी आमच्याच बायका, जळगाव-धुळे-नंदुरबारच्या. आखाजीच्या आधी उधन्याहून जळगावकडे जाणारी गाडी भरून वाहते आणि मे महिन्याच्या लग्नसराईचा माल घराघरांत अर्धा पडून राहतो. २०२३ मध्ये रमजान ईद आणि आखाजी एकाच दिवशी आल्या, २२ एप्रिलला. पुढच्या वर्षी ईद ११ एप्रिलला आणि आखाजी १० मेला. म्हणजे ईदच्या मालाला आखाजी एका वर्षी आडवी येते, दुसऱ्या वर्षी येत नाही. मी स्वतः डिंडोलीत राहतो, माझ्याच घरातली माणसं आखाजीला अमळनेरला जातात, आणि कामाच्या तारखा ठरवताना ही गोष्ट माझ्या हिशोबात कधी आली नव्हती. मार्केटिंगच्या फॉर्मवर ती यावी, हे मला फार आवडलं.

त्या ओळीमुळे दुसरंही एक दिसलं. त्या वर्षीचा सण आपल्यासाठी हलत नाही, गाडी सुटायची तारीख हलत नाही. फोटो चार दिवस उशिरा गेले की आडत्याची ऑर्डर चार दिवस उशिरा येते, आणि ते चार दिवस शेवटी कापले जातात ते त्या बायकांच्या हातातले. आमच्या एसी ऑफिसातली ढिलाई तिकडे रात्री जागून भरून निघते. एका तारखेच्या फॉर्मवर हा हिशोब दिसायला जागाच नसते. सगळं ‘वेळेत’ गेलेलं दिसतं.

तिने मला एक अभ्यासही वाचायला दिला होता, २००२ सालचा, डॅन अरिएली आणि क्लाउस वेर्टेनब्रोख यांचा. लोकांना तीन मजकूर मुद्रितशोधनासाठी दिले. काहींना प्रत्येकाची वेगळी तारीख, काहींना तिन्हींची मिळून शेवटची एकच, काहींनी आपापल्या ठरवल्या. वेगळ्या तारखा नेमून दिलेल्यांनी सर्वांत जास्त चुका पकडल्या आणि उशीरही कमी केला; एका तारखेवाले सगळ्यांत मागे. याच अरिएलींचा सहभाग असलेला दुसरा एक अभ्यास पुढे आकड्यांच्या खरेपणावरून अडचणीत येऊन २०२१ मध्ये मागे घेतला गेला, त्यामुळे मी या अभ्यासावरही फार भार टाकत नाही. माझ्यापुरती आखाजी पुरेशी होती.

आता जे सांगायला जरा जड जातं ते सांगतो. एक चौकट मला प्यारी होती, कारण मधल्या सगळ्या तारखा माझ्या डोक्यात राहायच्या. कोणाचं काम आधी, कोणाचं नंतर, हे विचारायला सगळे माझ्याच टेबलाशी यायचे. चहा यायचा, ‘पाटीलभाई, जरा बघा ना’ व्हायचं. त्यातून काम कोणाचं आधी व्हायचं? जो दारात उभा राहायचा त्याचं, जो मोठ्याने बोलायचा त्याचं. कोलकात्याची पूजेची ऑर्डर सांभाळणारा आमचा एक मुलगा स्वभावाने बुजरा, त्याचे फोल्डर दरवर्षी मागे पडायचे आणि मी म्हणायचो की त्याला धंदा जमत नाही. आता त्याच्या पाच तारखा भिंतीवरच्या तक्त्यात सगळ्यांच्या तारखांशेजारी लागलेल्या असतात. त्याला माझ्याकडे यावं लागत नाही. माझ्या टेबलाची गर्दी कमी झाली आणि सुरुवातीला मला करमेना, हेही खरं.

सगळंच मान्य केलं असं मात्र नाही. सुरत चालते ती वेगावर. समोरच्या दुकानात एखादी डिझाईन सकाळी पळाली की आपली त्या ढंगाची साडी दोन दिवसांत बाजारात हवी, तिथं पाच तारखा भरत बसलेला माणूस मार खातो. यावर आम्ही बरेच भांडलो. अखेर ‘धावतं काम’ म्हणून वेगळी ओळ आली. तिच्यात तारीख नाही, एकच प्रश्न: हे आत घ्यायचं तर कुठलं काम मागे ठेवायचं? शेठ स्वतः फॉर्म कधीच भरत नाहीत, रात्री अकराला व्हॉइस मेसेज टाकतात आणि शेवटी ‘थई जशे ने?’ (होऊन जाईल ना?) विचारतात. ती मुलगी सकाळी तो मेसेज ऐकून फॉर्म भरते आणि हा एक प्रश्न त्यांना परत पाठवते. पहिल्या वेळी त्यांनी उत्तर दिलं नाही. दुसऱ्या वेळी आपल्या भाच्याचं काम मागे ठेवायला सांगितलं, आणि दिवसभर भाचा माझ्याऐवजी त्यांच्या केबिनबाहेर उभा होता.

सध्या वाद आहे तो तारखा कोणी भरायच्या यावरून. तिचं म्हणणं, माल निघायची तारीख टाकली की बाकीच्या चार संगणकाने मागे मोजून आपोआप भराव्यात. मी म्हणतो, हाताने भरू देत. भरताना माणूस मिलला फोन करतो, रंग विचारतो, डिंडोलीत कोण गावी जाणार आहे ते विचारतो; आपोआप आलेल्या तारखेसाठी कोणी फोन उचलत नाही. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून. त्या महिन्यात लग्नं नाहीत, म्हणजे लग्नसराईचा माल एक तर त्याआधी विकायचा नाहीतर त्यानंतर, आणि १९ एप्रिलला आखाजी. या हंगामाच्या तारखा हातानेच भरायच्या असं तूर्त ठरलंय. दिवाळीचं बघू, असं ती म्हणते.