विषय नव्हे, उजेड

चि. चिन्मय,


वारी, पावसातला सह्याद्री, लग्नघरातली हळद आणि दिवाळीचे आकाशकंदील, या चार विषयांसाठी कलर निगेटिव्हचे कोणते चार रोल घेऊ, असं तू विचारलं आहेस. चार नावं लिहून पाठवता आली असती. पण माणसांना हा रोल, निसर्गाला तो, रात्रीला तिसरा, ही वाटणीच मला पटत नाही. रोल विषय पाहून निवडू नये. त्या विषयावर उजेड किती आणि कसला पडतो ते पाहावं, आणि चौकटीतल्या कोणत्या गडद भागात तपशील हवाच आहे ते आधी ठरवावं. हे ठरलं की रोलचं नाव बहुतेक वेळा आपोआप ठरतं.

याचं कारण निगेटिव्हच्या घडणीत आहे. तिच्यावर निळा, हिरवा आणि लाल प्रकाश टिपणारे थर असतात आणि प्रत्येक थराला आपापल्या वाट्याचा प्रकाश मिळावाच लागतो. जास्त मिळाला तर फारसं बिघडत नाही. दोन स्टॉप जादा प्रकाश खाल्लेला कोडॅकचा पोर्ट्रा ४०० छान प्रिंट देतो, उलट त्यात ग्रेन कमीच दिसतो. कमी मिळाला तर मात्र सावलीच्या जागी फिल्मवर काही उमटतच नाही. तिथे राखाडी, दाणेदार चिखल होतो आणि त्यावर कुठल्या तरी रंगाची झाक चढते. नंतर लॅबमध्ये हे सावरत नाही. १९७२ मध्ये आलेल्या सी-४१ पद्धतीत सगळे रोल एकाच रसायनात, ३७.८ अंश सेल्सियसला, डेव्हलपरमध्ये सव्वातीन मिनिटं धुतले जातात, मग तो महागडा पोर्ट्रा असो की साधा गोल्ड. जास्त वेळ धुऊन रोल ‘पुश’ करता येतो, पण त्याने कॉन्ट्रास्ट वाढतो; सावलीत जे उमटलंच नाही ते काही परत येत नाही.

आता वारीकडे ये. समोर पांढरी टोपी, पांढरा सदरा आणि त्यांच्यामध्ये उन्हातान्हाने रापलेला सावळा चेहरा. कॅमेऱ्याचा मीटर या साऱ्याची सरासरी काढतो, पांढऱ्या कपड्यांना भुलतो आणि उजेड कमी धरतो. त्याची शिक्षा नेमकी चेहऱ्याला होते: डोळ्यांच्या खोबणी आणि गालाखालची बाजू बुजून जाते. म्हणून मीटर गालाजवळ नेऊन मोजायचा आणि पांढऱ्याची काळजी सोडायची, कारण सदऱ्याच्या चुण्या निगेटिव्हवर शाबूत राहतात. अशा ठिकाणी पोर्ट्रा ४०० योग्य ठरतो. पण तो ‘माणसांचा रोल’ आहे म्हणून नाही. त्याचा कॉन्ट्रास्ट सौम्य आहे, त्यामुळे एवढा पांढरा आणि एवढा गडद दोन्ही एकाच चौकटीत मावतात. शिवाय आषाढातलं आभाळ क्षणात भरून येतं, तेव्हा ४०० ची गती हाताशी असलेली बरी.

‘माणसांचा रोल’ हा शब्द मला खटकतो, त्यामागे इतिहासही आहे. कित्येक दशकं लॅबमध्ये रंग जुळवायला कोडॅकचं जे नमुना-कार्ड वापरलं जाई त्यावर गोऱ्या स्त्रीचा फोटो असे. ‘शर्ली कार्ड’ म्हणून ते ओळखलं जातं. तिची त्वचा बरोबर दिसली की रंग बरोबर, असा हिशेब होता. कॅनडाच्या संशोधक लोर्ना रॉथ यांनी दाखवून दिलं आहे, की गडद तपकिरी छटा फिल्मवर नीट उमटाव्यात यासाठी कोडॅकवर दडपण आणण्यात चॉकलेट आणि लाकडी फर्निचर बनवणाऱ्यांच्या तक्रारींचा मोठा हात होता. आजच्या फिल्म्स त्या मानाने कितीतरी उदार आहेत. तरीही रोलला चिकटलेली ‘पोर्ट्रेट’ ही पाटी कुणाच्या तरी चेहऱ्याकडे आणि कुठल्या तरी स्टुडिओतल्या उजेडाकडे पाहून लिहिली गेली, हे विसरू नये.

यावर तू म्हणशील, मग पोर्ट्राच सगळीकडे का वापरू नये? हवा तो भडकपणा स्कॅनमध्ये चढवता येतोच. या म्हणण्यात तथ्य आहे, आणि कोडॅकनेच त्याची साक्ष दिली आहे. १९९८ मध्ये पोर्ट्रा आला तेव्हा सौम्य रंगांचा ‘एनसी’ आणि गडद रंगांचा ‘व्हीसी’ असे दोन प्रकार होते. २०१० मध्ये ४०० चा आणि २०११ मध्ये १६० चा असा एकेकच नवा रोल त्यांच्या जागी आला. स्कॅनिंग घरोघरी पोचल्यावर रंगाची गडदता आधी ठरवून विकत घ्यायची गरज उरली नव्हती, असा मी त्याचा अर्थ लावतो. पण ग्रेन नंतर बारीक करता येत नाही, आणि मोठ्या प्रिंटमध्ये कातळाचा पोत, गवताचं पातं न् पातं हवं असेल तर एक्टार १०० च्या बारीक ग्रेनला तोड नाही. अडचण त्याच्या गतीची आहे. दाट ढगाळ हवेत एफ ५.६ ला १०० चा रोल सेकंदाचा शंभरावा भाग मागतो. झाडीत शिरलास की आणखी दोन स्टॉप गेले आणि तू पंचविसाव्या भागावर आलास. त्यात एक्टार कमी प्रकाशाला फार हळवा, त्याच्या सावल्या चटकन निळ्या पडतात. म्हणून सह्याद्रीसाठी एक्टार घ्यायचा तो तिवई नेणार असशील तरच. ‘निसर्गाचा रोल’ म्हणून हातात कॅमेरा धरून वापरलास तर काळा कातळ निळा येईल आणि वर हललेला येईल. भरपूर उन्हात, रस्त्यावर, बाजारात मात्र गोल्ड २०० पुरेसा आहे. तिथे जादा पैसे मोजू नकोस.

हळदीचं प्रकरण सर्वांत अवघड, कारण तिथे उजेड एका जातीचा नसतो. मांडवाचं लाल-पिवळं कापड उन्हाला रंगवतं, आत ट्यूबलाइट असते, दारातून आभाळाचा उजेड येतो. चौकटीत एकाच रंगाचा उजेड असेल तर स्कॅनमध्ये तो बराचसा सावरता येतो. दोन उजेड मिसळले की नाही: ट्यूबची हिरवी झाक काढायला गेलास की दारालगतचा गाल गुलाबी होतो, आणि हिरवी तशीच ठेवलीस तर हळद लिंबासारखी दिसते. ही अडचण फिल्म बनवणाऱ्यांनाही ठाऊक होती. फुजीने १९८९ मध्ये आपल्या रियाला या रोलमध्ये चौथा रंगसंवेदी थर घातला तो यासाठीच. पुढे तो प्रो ४०० एच मध्येही होता, पण २०२१ मध्ये त्या रोलचं उत्पादन थांबल्याचं जाहीर झालं. आता उपाय तुझ्याच हातात आहे. शक्य तिथे ट्यूब बंद करायला सांग आणि नवरीला दाराशी बसव. घरातल्या उजेडात ४०० ला एफ २ आणि साठावा भाग जेमतेम मिळेल, तेव्हा पोर्ट्रा ८०० घे. तो महाग आहे, पण हळदीच्या हातांचा पुसटपणा नंतर कितीही पैसे टाकून जाणार नाही.

कंदिलांसाठी सिनेस्टिल ८०० टी घ्यावा, असं तुला कुणी तरी सुचवलेलं दिसतं. ती मुळात कोडॅकची सिनेमाची व्हिजन थ्री ५०० टी फिल्म आहे. पाठीमागचा काजळी थर आधीच काढलेला असतो, म्हणून दिव्यांभोवती लाल वलय उमटतं. ज्याला ते हवं असेल त्याने खुशाल घ्यावं. मात्र ती ३२०० केल्विनच्या पिवळट बल्बसाठी संतुलित केलेली आहे आणि हल्ली बऱ्याच कंदिलांत पांढरे एलईडी असतात. त्या उजेडात कागद निळा पडेल. म्हणून आधी बल्ब बघ. पिवळा असेल तर ८०० टी, पांढरा असेल तर पोर्ट्रा ८००. पिवळ्या उजेडात दिवसाच्या फिल्मवर ८०ए फिल्टर लावून काम भागेल असं वाटेल, पण तो दोन स्टॉप खातो आणि ८०० चा रोल २०० चा होऊन बसतो.

तेव्हा यादी अशी: पोर्ट्रा ४०० चे दोन, पोर्ट्रा ८०० चे दोन (कंदिलात पिवळा बल्ब असेल तर त्यातल्या एकाऐवजी ८०० टी), तिवई नेणार असशील तर एक्टार एक, आणि उन्हातल्या फिरण्यासाठी गोल्ड. लॅबला रोल देताना ‘ऑटो करेक्शन नको’ असं स्पष्ट सांग, आणि स्कॅन मिळाले तरी निगेटिव्हच्या पट्ट्या परत मागून घे.

तुझा,
मामा