अंगणातला गुलाब कोणाचा?

भिलाईत सेक्टरमधल्या क्वार्टरपुढे छोटीशी बाग असली की तिच्यात गुलाब हवाच. वनस्पतिशास्त्र शिकणाऱ्या शेजारच्या मुलीने एकदा विचारले, ‘‘ताई, हा मूळचा इथलाच का हो?’’ मग उत्तरही तिनेच दिले. बागेतले गुलाब संकरित, माणसाने लावलेले. रानगुलाबाला बहुधा पाचच पाकळ्या. बागेतल्या गुलाबाच्या जादा पाकळ्या म्हणजे बहुतांशी रूप पालटलेले पुंकेसर! बंगालच्या मैदानात पाणथळ जागी पांढरा रानगुलाब उगवतो. सफरचंद, बदाम, स्ट्रॉबेरी ही त्याच्याच कुळातली.

म्हणूनच एखाद्या प्रदेशातल्या वनस्पतींची नोंद करताना ‘आपोआप उगवलेली’ की ‘लावलेली’ हे लिहावे लागते. फुलासकट फांदी कागदात दाबून वाळवायची. सोबत गाव, तारीख आणि गोळा करणाऱ्याचे नाव. ही चिठ्ठी हरवली, तर उरतो नुसता पाचोळा. थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींचा ग्रंथ प्रसिद्ध केला. अभ्यासक आजही त्याचा आधार घेतात.

मला रुखरुख लागते ती आमच्या गावाची. १९५५ मध्ये इथल्या पोलाद कारखान्याचा करार झाला, १९५९ मध्ये पहिली झोतभट्टी सुरू झाली. शेतांच्या जागी शहर उभे राहिले. माझ्या अंगणाच्या जागी तेव्हा काय फुलत होते? ते आता माती सांगणार नाही. कोणी लिहून ठेवले असेल, तर तो कागदच सांगेल.

या सुट्टीत मुलांच्या हाती एक वही द्या. झाड, जागा, तारीख, एवढे लिहिले तरी पुरे. ‘रानगुलाब शोधला, सापडला नाही’ हेसुद्धा लिहू द्या. तीही नोंदच आहे.