कळलेलें व वाजलेलें

कोणतीहि गोष्ट कळली म्हणजे ती आपली झाली, असा आम्हां शिकलेल्या लोकांचा एक गोड समज असतो. पोहण्यावरचें पुस्तक वाचून नदींत उडी घेणारा मनुष्य आम्हांस हास्यास्पद वाटतो. परंतु संगीत, काव्य, किंबहुना संसार यांच्या बाबतींत आपण सर्वजण तेंच करीत असतों, आणि बुडलों नाहीं याचें श्रेय पाण्याच्या उथळपणास न देतां पुस्तकास देतों. आमच्या या समजास गेल्या दोन वर्षांत एक धक्का बसला. तो देणारी वस्तु कांहीं मोठी नव्हती. व्हायोलिन व पियानो यांसाठीं लिहिलेली, आठ-दहा मिनिटांत संपणारी एक रचना, एवढीच ती वस्तु.

आम्ही व्हायोलिन वाजवितों. ‘वाजवितों’ हें क्रियापद वाचकांनीं येथें उदार मनानें घ्यावें. ज्या वयांत लोक गुडघ्यांना तेल चोळूं लागतात त्या वयांत आम्हीं गजाला राळ लावावयास सुरुवात केली. आमचे मास्तर मूळचे गोव्याचे. गोव्यांत चर्चच्या आश्रयानें चालणाऱ्या शाळांतून मुलांना स्वरलिपि आणि व्हायोलिन शिकविण्याची परंपरा फार जुनी. मुंबईच्या चित्रपटांच्या वाद्यवृंदांत पुढें जे गोमंतकीय वादक नांवारूपास आले, त्यांतील पुष्कळांचें मूळ या शाळांत सांपडतें. मास्तर त्याच मुशींतले. मुंबईचें काम संपवून ते पुण्यास लेकीकडे येऊन राहिले होते, आणि आठवड्यांतून एकदां आमच्यासारख्या प्रौढ बालकांना शिकवीत. बोलणें अगदीं थोडें. ‘पुन्हा’ हा त्यांचा सर्वांत आवडता शब्द.

एके दिवशीं धडा संपल्यावर त्यांनीं आमच्या हातांत स्वरलिपीचीं कांहीं पानें ठेवलीं आणि म्हणाले, “हें बसवा. मला एकदां ऐकायचें आहे.” वर नांव होतें, ‘श्पीगेल इम श्पीगेल’. जर्मन भाषेंत याचा अर्थ ‘आरशांत आरसा’. रचनाकार, आर्वो पेर्ट.

पेर्ट यांचा जन्म १९३५ सालीं एस्टोनियांतील पाइदे या गांवीं झाला. बाल्टिक समुद्राकाठचा हा चिमुकला देश त्यांच्या बालपणींच सोव्हिएत संघांत ओढला गेला. तरुणपणीं तालिनच्या रेडिओ केंद्रांत ध्वनिमुद्रणाचें काम करीत असतां ते संगीतरचना करीत. शोनबर्ग यांनीं रूढ केलेल्या बारा स्वरांच्या पद्धतीनें त्यांनीं १९६० सालीं ‘नेक्रोलॉग’ ही वाद्यवृंदाची रचना लिहिली आणि अधिकाऱ्यांचा रोष ओढवून घेतला. १९६८ च्या ‘क्रेदो’मुळें तर मोठेंच वादळ उठलें. त्यानंतर कित्येक वर्षें त्यांनीं फारच थोडें लिहिलें. जुनें चर्चगान आणि त्या काळचे बहुस्वरी ग्रंथ घेऊन ते बसले होते. १९७६ सालीं ‘फ्युर अलिना’ ही पियानोची इवलीशी रचना घेऊन ते या मौनांतून बाहेर आले, ते अगदीं निराळे होऊन. या नव्या पद्धतीला त्यांनीं ‘टिंटिनॅब्युली’ असें नांव दिलें. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ लहान घंटा. आमच्या हातीं आलेली रचना १९७८ ची. ती व्लादिमिर स्पिवाकोव्ह या व्हायोलिनवादकास अर्पण केलेली असून त्यानेंच ती त्या वर्षीं मॉस्कोंत प्रथम वाजविली. १९८० मध्यें पेर्ट देश सोडून आधीं व्हिएन्नास व मग बर्लिनला गेले.

एवढी माहिती जमविण्यांत आमचे पंधरा दिवस मोठ्या सुखांत गेले. व्हायोलिन पेटींतच होतें.

मग आम्ही पृथक्करणाकडे वळलों. आधुनिक रचना म्हणजे कांहींतरी घोर अरण्य असणार, या भीतीनें आम्हीं कंबर कसली होती. पण येथें तर उघडें माळरान निघालें. ‘एफ’ या स्वराला षड्ज मानलें तर सारे स्वर आपल्या बिलावल थाटाचे. सहा मात्रांचें मंद आवर्तन. पियानो पहिल्यापासून अखेरपर्यंत तीन-तीन स्वरांच्या चढत्या माळा एकाच चालीनें ओवीत असतो, आणि त्यावर व्हायोलिन लांबच लांब, साधे स्वर धरतें. पहिल्या ओळींत दोनच स्वर, ऋषभावरून गांधारावर. दुसरी ओळ तिचें प्रतिबिंब, मध्यमावरून गांधारावर. पुढें ओळी एकेका स्वरानें वाढत जातात. कधीं खालून चढावयाचें, कधीं वरून उतरावयाचें. पण प्रत्येक ओळ थांबते ती गांधारावर, म्हणजे पाश्चात्त्यांच्या ‘ए’ वर. बाहेर गेलेल्या माणसानें घरीं परतावें तसें हें आहे, अशा अर्थाचें स्वतः पेर्ट यांनींच म्हटलें आहे; पियानोच्या साथीला तर ते पाठराखण करणाऱ्या देवदूताची उपमा देतात. मुख्य स्वर पायरीपायरीनें चालतो. घंटेचे स्वर मात्र षड्ज, गांधार, पंचम या त्रयीबाहेर जात नाहींत, आणि त्यांनीं केव्हां वर वाजावयाचें व केव्हां खालीं, हेंहि नियमानें बांधलेलें. रचनाकाराच्या लहरीला जवळजवळ जागाच ठेवलेली नाहीं.

आम्हांस हर्षवायु व्हावयाचा तेवढा राहिला. आम्हीं कोष्टकें आंखलीं. कोणत्या ओळींत किती स्वर, आरशाची रेषा कोठें, घंटा कितव्या मात्रेवर, हें सारें तांबड्या-निळ्या शाईनें मांडलें. बावीस पानें भरलीं. आमचे वडील बंधु अण्णा हे किराणा घराण्याचे एकनिष्ठ भक्त. त्यांना आम्हीं तीं पानें मोठ्या अभिमानानें दाखविलीं. त्यांनीं चष्मा कपाळावर सारला आणि म्हणाले, “अरे, हे तर पलटे! रे-ग, म-ग, सा-रे-ग, प-म-ग. पेटीच्या क्लासांत पहिल्या वर्षीं आम्ही दुसरें काय करीत होतों? तुझ्या साहेबाला पलटे लिहिल्याबद्दल मानधन मिळतें वाटतें!”

आम्ही रागावलों खरे, पण मनांतून पटलें होतें. पलट्यांना बसवायचें काय?

मास्तर दर आठवड्यास विचारीत, “बसलें का?” आम्ही म्हणूं, “अजून थोडा अभ्यास राहिला आहे.” पुढें एकदां बावीस पानें त्यांच्यापुढें ठेवलीं. त्यांनीं तीं शांतपणें, एकहि पान न गाळतां वाचलीं. “फार चांगलें आहे,” ते म्हणाले. “आतां वाजवा.” आम्हीं त्या दिवशीं मात्र वाजविलें नाहीं. पियानोची साथ मिळाल्यावर वाजवूं, असें सांगितलें.

साथ मिळाली ती भाचीची. तिच्याकडे एक जुना उभा पियानो आहे. पावसाळ्यांत त्याच्या लांकडाला दमट हवा लागली कीं वरच्या अंगाच्या एक-दोन पट्ट्या दाबल्या म्हणजे उठतच नाहींत. आणि नेमक्या तेथेंच पेर्टसाहेबांच्या घंटा. तरीहि पहिल्या बैठकींत तिचा भाग सुरळीत चालला. आमचा पहिल्या दोन स्वरांतच अडला.

वाचकांनीं कधीं गज हातीं धरला नसेल, तर त्यांना एवढेंच सांगतों कीं, व्हायोलिनवर जलद वाजविणें ही कठीण गोष्ट आहे, आणि सावकाश वाजविणें ही त्याहून कठीण. गज भराभर ओढला तर स्वर संपण्यापूर्वींच गज संपतो. जपून ओढला तर हाताचा कंप तारेंत उतरतो. एरवीं हा कंप झांकण्याचे उपाय असतात. डाव्या हाताचें बोट तारेवर हलवून स्वराला आंदोलन द्यावें, किंवा आपल्या पद्धतीनें एखादी मींड घेऊन पुढच्या स्वरावर सरकावें. इतकीं वर्षें आमच्या बेसूरपणावर आम्ही अशींच पांघरुणें घालीत आलों होतों. येथें तीं काढून घेतलेलीं. आंदोलन दिलें तर रचना रडवी होते. मींड घेतली तर आरशाची रेषाच पुसते. त्यांत तो घरचा स्वर, ‘ए’. तो व्हायोलिनच्या मोकळ्या तारेवर मिळतो, आणि खालच्या तारेवर चौथें बोट ठेवूनहि मिळतो. मोकळी तार उजळ, पण थोडी कठोर. बोटाखालचा स्वर मऊ, पण करंगळी केसभर चुकली कीं घर शेजाऱ्याचें. आमच्या बावीस पानांत ‘ए’ किती वेळां येतो याची नोंद होती. तो कोठें वाजवावयाचा, याविषयीं एक अक्षर नव्हतें.

भाचीनें मोबाईलवर आमचें वादन मुद्रित केलें व आम्हांस ऐकविलें. त्यांत स्वर नव्हते, हिशेब होता. पुढच्या ओळींत पांच स्वर आहेत, आतां उतरावयाचें आहे, आतां तीन उरले, असें प्रत्येक स्वर जणूं मोठ्यानें बोलून दाखवीत होता. ती म्हणाली, “मामा, तुम्ही मोजतां आहांत, माझें ऐकत नाहीं.” तिचें म्हणणें खरें होतें. आम्ही स्वर धरला कीं त्याच क्षणीं तिचा डावा हातहि स्वर धरीत होता. इतके दिवस तें आम्हांस केवळ कागदावर ठाऊक होतें.

त्यानंतर आम्हीं कोष्टकें बाजूस ठेवलीं आणि रोज सकाळीं अर्धा तास नुसती मोकळी तार ओढावयास घेतली. चार महिने असे गेले. ओळी थोड्याथोड्या उभ्या राहूं लागल्या. आणखी एक महिना, मग मास्तरांना ऐकवूं, असें आम्हीं ठरविलें. आणि त्या महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यांत मास्तर झोपेंतच गेले.

याविषयीं फार लिहिण्याची आमची इच्छा नाहीं. त्यांनीं एकच गोष्ट मागितली होती. आम्हांस ती देतां आली नसती असें नव्हे; वाईट वाजविलेली तर पहिल्याच महिन्यांत देतां आली असती, आणि त्यांनीं ती ऐकून ‘पुन्हा’ म्हटलें असतें. तो ‘पुन्हा’ ऐकावा लागूं नये म्हणूनच आम्ही अभ्यास करीत बसलों होतों. अभ्यासाला कोणी बेसूर म्हणत नाहीं.

त्यांना जाऊन एक वर्ष झालें त्या रविवारीं आम्हीं बहिणीच्या घरीं तें वाजविलें. मास्तरांची लेक, अण्णा आणि घरचीं पांच-सहा माणसें, एवढाच समाज. पहिल्या ओळी बऱ्या गेल्या. पुढें ओळी लांबल्या आणि एका उतरणीवर, मध्येंच, आपण कितव्या स्वरावर आहों हेंच आम्ही विसरलों. बावीस पानें एका क्षणांत कोरीं झालीं. आम्ही धरलेल्या स्वरावर तसेच उभे राहिलों. भाचीनें मान वर केली नाहीं. आपली माळ न तोडतां तिनें तीच तीन स्वरांची फेरी आणखी एकदां ओवली. तेवढ्या अवकाशांत आम्हांस एकच गोष्ट आठवली, कीं ओळ कोठूनहि आलेली असो, ती गांधारावर जाते. तिचें ऐकत ऐकत आम्ही एकेक पायरी उतरलों आणि ‘ए’ वर येऊन पोंचलों. पुढचें नीट झालें.

तेव्हां पृथक्करण निरुपयोगी आहे, असें म्हणण्यास आम्ही तयार नाहीं. वाट चुकल्यावर घर कोणत्या दिशेला आहे, हें त्यानेंच सांगितलें. त्यानें आमच्याऐवजीं चालावें, ही अपेक्षा आमची होती. त्यांत त्या बिचाऱ्याचा दोष कोणता?

वादन संपल्यावर अण्णा बराच वेळ बोलले नाहींत. मग म्हणाले, “पलटेच आहेत. पण पलटे असे म्हणायचे असतात, हें आम्हांला कोणी सांगितलें नाहीं.” मास्तरांच्या लेकीनें तीं पानें पाहावयास मागितलीं. वडिलांचें अक्षर आहे का, हें तिला पाहावयाचें होतें. अक्षर नव्हतें; पण अगदीं फिक्या पेन्सिलीनें बोटांचे आंकडे घातलेले होते. पहिल्या ‘ए’ च्या डोक्यावर चार, म्हणजे चौथें बोट. पुढेंहि चार. आणि शेवटच्या पानावर एका ‘ए’ वर शून्य. व्हायोलिनच्या लिपींत शून्य म्हणजे मोकळी तार. तेथें डाव्या हाताला कांहींच करावयाचें नसतें.

तांबड्या-निळ्या शाईनें सारें पान रंगवितांना हें शून्य आमच्या दृष्टीस पडलें नव्हतें. मास्तरांनीं तें तेथेंच कां घातलें, हें विचारण्यास आतां कोणी नाहीं. आम्ही तो स्वर आतां मोकळ्या तारेवर वाजवितों.