वाळवंटावरचे पाऊण मिनिट

दुबईहून अल ऐनकडे जाणाऱ्या रस्त्यावर शहर एकदम संपत नाही. इमारती विरळ होत जातात, मग गोदामे लागतात, मग विजेचे मनोरे आणि शेवटी रस्त्याच्या दोन्ही अंगांना तारेचे लांबच लांब कुंपण. उंट रस्त्यावर येऊ नयेत म्हणून ते घातलेले आहे. कुंपणापलीकडे वाळू, आणि वाळूत मधूनच एखादे घाफचे झाड. घाफ हे संयुक्त अरब अमिरातीचे राष्ट्रीय झाड. २०१९ हे साल तिथे सहिष्णुतेचे वर्ष म्हणून पाळले गेले, तेव्हा त्याचे चिन्ह म्हणून हेच झाड निवडले होते. आपल्याकडे दसऱ्याला जिचे नाव निघते ती शमी म्हणजे हेच झाड. गाडीत आम्ही हे सांगितले तेव्हा भाची हसली आणि म्हणाली, "खाला, सुट्टीतसुद्धा तास घेणार का?"

आम्ही दोघेही शिक्षक, त्यामुळे तिचा टोमणा दोघांनाही लागू होता.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दुबईला गेलो ते भाचीकडे. आपाची ही थोरली मुलगी तिथे एका कंपनीत हिशेब पाहते. खेड तालुक्यातून आखातात जाणे यात आता नवल राहिलेले नाही. आमच्या घरातली ही तिसरी पिढी. फरक इतकाच की या पिढीत मुलगी गेली. निघताना आपाने आमच्याकडे सुक्या जवळ्याची पिशवी दिली, आमसुले दिली आणि एक काम दिले. "तिला समजावून या. नोकरीला गेलीय की विमानातून उड्या मारायला?"

तर ही वाट त्या उड्यांच्या जागेकडे जात होती. दुबईत पाम बेटाजवळ जी उडी मारतात तिचे फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेले असतात. तिथे पाहुणा माणूस प्रशिक्षकाच्या छातीला बांधलेला असतो, त्याला स्वतः काही करावे लागत नाही. शिकणाऱ्यांची जागा वेगळी. ती आत वाळवंटात, मरघम भागात आहे. तिथे समुद्र नाही, बुरुज नाहीत. एक धावपट्टी, शेड, सावलीला मांडलेली बाके आणि वर निव्वळ आकाश. आम्ही पोहोचलो तेव्हा शनिवारची सकाळ होती आणि हवा आपल्याकडच्या डिसेंबरसारखी होती.

शिकण्याची रीत अशी. आधी दिवसभर जमिनीवरचे वर्ग. मग पायरी पायरीने उड्या. पहिल्या उडीत डावीकडे एक आणि उजवीकडे एक असे दोन प्रशिक्षक विद्यार्थ्याच्या पोशाखाला आणि हार्नेसला धरून त्याच्याबरोबर विमानातून बाहेर पडतात. दुसऱ्या उडीतही धरतात. तिसऱ्या पायरीवर मात्र हवेतच ते हात सोडतात आणि बाजूला राहून पाहतात, की हा एकटा स्थिर राहतो का. विमान साधारण १३,००० फुटांवर, म्हणजे चार किलोमीटरच्या आसपास जाते. विद्यार्थ्याने ५,५०० फुटांवर पॅराशूट उघडायचे. मधला वेळ पाऊण मिनिटाचा. पहिल्या दहाबारा सेकंदांतच वेग तासाला १९० किलोमीटरच्या घरात जातो आणि मग वाढायचा थांबतो, कारण खालून लागणारी हवा शरीराचे वजन तोलून धरते.

भाची या तिसऱ्या पायरीवर अडकली होती. एकदा नव्हे, दोनदा. हात सुटले की ती डावीकडे गरगर फिरायला लागायची आणि प्रशिक्षकांना पुन्हा धरावे लागायचे. "आज तिसरी वेळ," ती गाडीतून उतरताना म्हणाली. "मी यासाठी बाजूला काढलेले पैसे आज संपतात. नाही जमलं तर मीच सोडून देईन. तुम्हाला समजावायची गरजच पडणार नाही."

आपाचे काम तिला आधीच कळले होते तर.

शेडमध्ये तिने आम्हाला चाकांची एक बुटकी फळी दाखवली. तिच्यावर पालथे झोपून हवेतली ठेवण शिकवतात. कंबर पुढे ढकललेली, म्हणजे शरीराचा सर्वांत खालचा भाग पोट आणि ओटी. छाती, मान, हात, पाय सगळे त्याच्यापेक्षा वर. हनुवटी उचललेली, कोपरे खांद्यांच्या रेषेत वाकलेली, पाय थोडे मागे ताणलेले. शरीराची उलटी कमानच ती. बॅडमिंटनचे फूल कसेही उडवले तरी त्याचे बूड खाली आणि पिसे वर होऊन पडते, तेच तत्त्व इथे आहे. कमान नीट असेल तर माणूस पाठीवर उलटला तरी हवा त्याला पुन्हा सरळ करते. पण कमान दोन्ही बाजूंना सारखी हवी. डावे कोपर जरा खाली गेले की शरीर डावीकडे वळू लागते. एक पाय जास्त दुमडला की फिरणे सुरू. दोन्ही पाय दुमडले तर माणूस मागे सरकत जातो, आणि अंग ताठ धरले तर डुगडुगतो. वेग इतका असतो की तळहाताएवढा फरकही पुरतो. पाय तर स्वतःला दिसत नाहीत. म्हणून विद्यार्थ्याला हवेत दोन्ही टाचा एकमेकींवर आपटायला लावतात. पाय कुठे आहेत ते त्यावरून त्याला समजते.

वाऱ्याच्या आवाजात बोलणे अशक्य, त्यामुळे सगळे हाताच्या खुणांनी चालते. दोन बोटे सरळ केली की पाय ताण. बोट हनुवटीला लावले की मान वर. हात सैल हलवून दाखवला की अंग सोड. भाची म्हणाली, "मला सगळ्यांत जास्त वेळा ही शेवटचीच खूण मिळाली."

आम्ही तिच्या आधीच्या दोन उड्यांची चित्रफीत पाहिली. प्रत्येक उडीनंतर प्रशिक्षक विद्यार्थ्याला शेजारी बसवून ती दाखवतात, थांबवून थांबवून. वर्गात अशी सोय असती तर, असे आमच्या मनात आले. चित्रात आमची भाची चष्मा आणि हेल्मेट घालून, गालांची कातडी हवेने थरथरत, छान आडवी तरंगत होती. मग डावीकडच्या प्रशिक्षिकेने पकड ढिली केली. त्याच क्षणी भाचीने मान वळवून तिच्याकडे पाहिले. मान वळली तसा खांदा झुकला, खांद्याबरोबर कोपर, आणि समोरचे क्षितिज फिरू लागले. दुसऱ्या उडीतही अगदी तेच. सायकल शिकणारे पोर अब्बांनी मागून कॅरिअर सोडला का हे बघायला वळते आणि तिथेच पडते, तसे.

याच आवारात विंड टनेल आहे. काचेची उभी नळी, खालून पंख्यांचा प्रचंड वारा, आणि त्यावर माणूस तरंगतो. शरीराला लागणारी हवा खऱ्या उडीइतकीच, उंची मात्र नाही. दहा मिनिटे आत राहिले म्हणजे दहाबारा उड्यांच्या हवेचा सराव झाला. सकाळी भाचीने तिथे सराव केला आणि आम्ही काचेबाहेरून पाहिला. तिथे ती मुळीच फिरली नाही. एकदा काचेला टेकली, सावरली, पुन्हा मध्ये आली. म्हणजे ठेवण तिला येत होती. उर्दूच्या तासाला आम्ही हे नेहमी पाहतो. फळ्यावर सुंदर वळण काढणारी मुलगी परीक्षेच्या कागदावर कलम इतका घट्ट धरते की अलिफही वाकडा येतो. तिला "हात सैल सोड" असे सांगून काही होत नाही. सांगितल्यावर हात आणखी आवळतो.

जेवणानंतर वारा वाढला म्हणून विमाने थांबली आणि आम्हाला बोलायला वेळ मिळाला. काम तर करायचे होतेच. आपाचे म्हणणे आम्ही तिच्यापुढे ठेवले, आणि ते सगळेच पोकळ नव्हते. जाणूनबुजून जीव धोक्यात घालू नये ही आपल्या दीनची शिकवण आहे. भाचीकडे उत्तर तयार होते. २०२३ साली अमेरिकेत ३६ लाखांहून अधिक उड्या झाल्या आणि त्यांत १० माणसे दगावली. पाठीवर दोन पॅराशूट असतात, आणि माणूस बेशुद्ध झाला तरी ठराविक उंचीच्या खाली राखीव पॅराशूट आपोआप उघडणारे यंत्र असते. मुंबई-गोवा महामार्गावर तिचे चुलतभाऊ हेल्मेटशिवाय मोटारसायकल पळवतात, त्यांना कुणी बसवून समजावते का, असेही तिने विचारले. या प्रश्नाला आमच्याकडे जबाब नव्हता.

दुसरा प्रश्न धरणाऱ्या हातांचा. वाचकांनाही तो पडला असेल. भाचीने महिला प्रशिक्षिका मागितली होती आणि एक मिळाली. दुसऱ्या बाजूला पुरुष. अंगभर जाड पोशाख, पकड पोशाखाच्या कापडी मुठींना. केस घट्ट टोपीत, टोपी पोशाखाच्या गळ्यात खोचलेली, वर हेल्मेट. तिथे मोकळे कापड चालतच नाही, ते हवेत फडफडून तोल बिघडवते. पुण्याच्या शीतल महाजन यांनी २००४ साली उत्तर ध्रुवावर उडी मारली, पुढे त्यांना पद्मश्री मिळाली. थायलंडमध्ये त्यांनी नऊवारी नेसूनही उडी मारली आहे. भाचीचे म्हणणे, नऊवारीत जमते तर टोपीत का नाही. तरी परपुरुषाच्या पकडीचा मुद्दा आपाच्या दृष्टीने सुटला नाही आणि आम्हीही तो सुटला असे म्हणणार नाही. चौथ्या पायरीपासून एकच प्रशिक्षक लागतो आणि ती बाईच असेल, एवढे तिने ठरवून घेतले होते.

मग विषय निघाला तो अब्बास इब्न फिरनासचा. नवव्या शतकात कुर्तुबा शहरात या विद्वानाने अंगाला पिसे आणि पंख लावून उंचावरून झेप घेतली. बराच वेळ तो हवेत राहिला, असे सतराव्या शतकातला इतिहासकार अल मक्करी लिहितो. उतरताना मात्र पाठीला जबर मार बसला. कारणही तिथेच दिले आहे: पक्षी उतरताना शेपटीचा आधार घेतो, आणि याने शेपूट लावलेच नव्हते. बगदादच्या विमानतळाच्या वाटेवर त्याचा पुतळा आहे, कुर्तुबात त्याच्या नावाचा पूल आहे. शाळेत आम्ही हा धडा मुलांना उड्डाणाचा म्हणून सांगत आलो. भाचीला त्यात फक्त शेपूट दिसली. "खालू, त्याचाही प्रश्न वर जायचा नव्हताच. तोल राखायचा होता."

तीनच्या आधी वारा उतरला. तिचे नाव पुकारले गेले. प्रशिक्षिकेने फळीवर तिला एकदाच पालथे झोपवले आणि सूचना एकच दिली: मी सोडले की नाही ते बघू नकोस, क्षितिज बघ. बाकी काहीच नाही. शिकवणाऱ्याला इतके कमी बोलता येणे आम्हाला फार आवडले.

विमान वर जायला पाव तासाहून जास्त लागला. या वेळात आम्ही काय पढलो ते सांगण्याची गरज नाही. खालून माणसे दिसत नाहीत. विमानाचा ठिपका दिसतो, मग काहीच दिसत नाही, आणि मग कुठूनतरी निळ्या आकाशात पॅराशूट उमलते. आम्ही एक मोजले, दोन मोजले. विद्यार्थ्यांचे पॅराशूट मोठे आणि संथ असते, त्यावरून ओळखायचे असे आम्हाला सांगितले होते. जमिनीवरचा प्रशिक्षक रेडिओवरून तिला डावीकडे, उजवीकडे सांगत होता. पाच-सहा मिनिटांनी ती वाळूवर उतरली, खरे तर बसली, आणि कापड गोळा करत चालत आली. कसे झाले ते तिलाही नक्की माहीत नव्हते. "बघितलं नाही मी," एवढेच म्हणाली.

मग चित्रफीत. दार, तिचे ओठ हलतात, बिस्मिल्लाह. बाहेर पडताना जरा डुगडुग. मनगटावरचे उंचीचे घड्याळ पाहिले, टाचा आपटल्या. डावा हात सुटला. मान समोरच. उजवाही सुटला. आता ती एकटी, आणि दोन्ही प्रशिक्षक हातभर अंतरावर तिच्याकडे तोंड करून तरंगताहेत. तिचे डावे कोपर हळूच खाली आले, ती पाव फेरा फिरली, आम्ही बाक धरले. मग कोपर वर आले आणि फिरणे थांबले. ते तिचे तिनेच थांबवले. प्रशिक्षिकेने तिथे चित्र थांबवले, मागे नेले आणि पुन्हा दाखवले. आठ-नऊ सेकंद असतील. सूरह मुल्कमध्ये पंख पसरणाऱ्या आणि मिटणाऱ्या पक्ष्यांकडे पाहायला सांगितले आहे, ते आम्ही किती वर्षे पढतो आहोत. त्या बाकावर ते वेगळे ऐकू आले.

असर तिथल्याच एका खोलीत झाली. परतीच्या वाटेवर आपाचा फोन आला आणि आम्ही काही न लपवता सगळे सांगितले, उडी मारली, पाव फेरा फिरली, तेही. आपा बराच वेळ गप्प होती. मग तिने जवळा भाजून ठेवला का विचारले, नाहीतर त्याला वास येतो म्हणाली. उडीबद्दल ती त्या दिवशी काही बोलली नाही. पैशांचे काय, हे आम्ही भाचीला विचारले; दोन पगार थांबेन, ती म्हणाली.

चौथ्या पायरीवर एक प्रशिक्षक, आणि विद्यार्थ्याने मुद्दाम वळायचे असते. आधी उजवीकडे काटकोनात, मग डावीकडे, आणि प्रत्येक वेळी ठरल्या जागी थांबायचे. भाची गाडीच्या मागच्या सीटवर बसून कोपरे वरखाली करत त्याचा सराव करत होती.