रात्री साडेअकराचा फोन

पावसाळ्यात न्यू जर्सीत रात्रीचे साडेअकरा वाजतात तेव्हा मुळशीत सकाळचे नऊ झालेले असतात. आईचं केअर होम पौडच्या पुढे आहे. ताम्हिणीच्या बाजूने पाऊस उतरला की तिथली रेंज जाते, म्हणून जुलैत मी फोन हातात घेऊनच बसतो.

अशाच एका जुलैत आई मला 'अण्णा' म्हणू लागली. अण्णा म्हणजे माझा मामा, जाऊन वीस वर्षं झालेला. "आजी हल्ली विसरतात. वय झालं ना," केअर होममधल्या मावशी म्हणाल्या. मलाही ते पटलं. चौथ्या दिवशी पलंगावरून उठताना आई पडली. भर पावसात तिला कोथरूडला नेलं, रक्त तपासलं. सोडियम ११६. असायला हवं १३५ ते १४५.

एका डॉक्टरांनी रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी दिली होती. आई गप्पगप्प असते म्हणून दुसऱ्यांनी नैराश्यावरची सुरू केली होती. दोन्ही गोळ्यांनी सोडियम उतरू शकतं आणि म्हाताऱ्या माणसात एकत्र आल्या तर धोका वाढतो. आपापल्या जागी दोन्ही डॉक्टर बरोबर होते. पण दोन्ही चिठ्ठ्या एकाच माणसाकडे होत्या, माझ्याकडे. तीन आठवड्यांच्या अंतराने व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले ते फोटो मी पाहिले होते, 'ओके' लिहिलं होतं, शेजारी ठेवून वाचले मात्र नव्हते.

सोडियम घाईने वाढवलं तर मेंदूला इजा होते, त्यामुळे ते थेंबाथेंबाने वाढवत नेतात. पाचव्या दिवशी आईने फोनवर मला माझ्या नावाने हाक मारली. "आवाज बसलाय तुझा," म्हणाली.

लांब राहणारी आम्ही मुलं रिपोर्ट मागत राहतो. आणखी एक तपासणी करा, पैसे पाठवतो, असं म्हटलं की काहीतरी केल्यासारखं वाटतं. ते लक्ष देणं नव्हे, हे मला त्या जुलैत कळलं. आता आईच्या सगळ्या गोळ्यांची यादी एकाच कागदावर आहे. कुठलाही डॉक्टर नवी गोळी लिहिण्याआधी तो कागद बघतो, आणि गोळी बदलली की त्याच दिवशी मावशी त्याचा फोटो धाडतात.

एक गोष्ट फोनवर विचारता येत नव्हती. डिसेंबरात गेलो तेव्हा व्हरांड्यात तिच्याशेजारी बसून विचारली. शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केला. २०२३ मध्ये त्याची पद्धतही सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. मी चाचरत सांगत होतो. आई म्हणाली, "एवढंच ना? पेन दे."

तो कागद आता गोळ्यांच्या यादीमागे लावलेला आहे. त्यातलं शेवटचं वाक्य तिने स्वतःच्या हाताने लिहिलं आहे: मुलगा पोचेपर्यंत मला मशीनवर ठेवू नये.